दुरुस्त केलेले संकेतस्थळ सणासुदीला पुन्हा का बिघडते? लहान दुकानांसाठी सुगम्यतेचे समस्या निवारण

लहान व्यवसायांच्या संकेतस्थळांबाबत एक तक्रार सतत येत राहते. पैसे खर्च करून साइट दिव्यांग ग्राहकांसाठी सुगम करून घेतलेली असते, त्या वेळी स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली, प्रत्येक बटणाचे नाव घेत असतो, माऊसला हात न लावता मागणी नोंदवता येत असते, आणि तरीही पाच-सहा महिन्यांनी एखाद्या अंध ग्राहकाचा निरोप येतो की यंदाचे दर काही ऐकू येत नाहीत. दुरुस्ती होते, काही दिवस ठीक जातात आणि पुढच्या सणाला पुन्हा तोच निरोप येतो. दुकानदाराची समजूत होते की आधीचे काम कच्चे होते. बहुतेक वेळा तसे नसते. दुरुस्ती अशा जागी केलेली असते की पुढच्या बदलात ती आपोआप पुसली जाते. म्हणून दोष कोणता हे पाहण्याबरोबरच तो कोणाच्या हातून परत येतो हेही शोधावे लागते, आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत पहिल्यावर केलेला खर्च वाया जातो.

पुढील सारे विवेचन वर्डप्रेस या संकेतस्थळे बनवण्याच्या प्रणालीवर चालणाऱ्या, दिवाळीचा फराळ विकणाऱ्या एखाद्या दुकानाची साइट डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. अशा साइटवर साधारणपणे चार जणांचे हात फिरतात. दर ठरवणारा मालक, बॅनर करून देणारा डीटीपीवाला, ते बॅनर साइटवर चढवणारा घरातला किंवा दुकानातला एखादा तरुण, आणि वर्षातून एक-दोनदा बोलावला जाणारा वेब डेव्हलपर. सुगम्यतेचे काम डेव्हलपरने केलेले असते. ते मोडते मात्र बाकीच्या तिघांच्या रोजच्या कामातून, आणि त्यांच्यापैकी कोणालाही त्याची कल्पना नसते.

आधी निदान

तक्रार आल्यावर लगेच प्लगिन, म्हणजे साइटला जोडायचा तयार पूरक प्रोग्राम, शोधू नये. माऊस बाजूला ठेवून मुखपृष्ठावर टॅब कळ दाबत जावे आणि प्रत्येक दाबासरशी आपण कुठे आहोत हे पडद्यावर दिसते का ते पाहावे. नंतर १२८० पिक्सेल रुंदीच्या खिडकीत पान ४०० टक्के मोठे करावे. मजकूर एका स्तंभात खाली उतरला पाहिजे, वाचण्यासाठी आडवे सरकावे लागता कामा नये. शेवटी विंडोजवर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर सुरू करून इन्सर्ट आणि एफ७ या कळा एकत्र दाबाव्यात. पानावरील दुव्यांची यादी समोर येते, आणि तिच्यात नावाऐवजी फाइलचा क्रमांक किंवा लांबलचक पत्ता दिसला की बिघाडाचा एक धागा हाती लागला. अँड्रॉइड फोनवर हेच काम टॉकबॅक करते. बहुतेक ग्राहक फोनवरूनच येत असल्याने ती तपासणी टाळू नये.

यानंतर साइटच्या इतिहासाकडे वळावे. शेवटचे बॅनर कधी बदलले, थीमचे (साइटच्या दिसण्याचा तयार साचा) किंवा प्लगिनचे अपडेट कधी झाले, सेटिंग्जमध्ये कोणी काय बदलले, या तीन तारखा तक्रारीच्या तारखेशी ताडून पाहिल्या की संशयित बहुधा एकच उरतो.

दरपत्रकाचे चित्र: सर्वात जास्त वेळा परतणारा बिघाड

प्रत्यक्षात घडते ते असे. डीटीपीवाला चकली, अनारसे, शंकरपाळे, चिवडा यांचे दर सुंदर बॅनरवर मांडतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. दुकानातला तरुण ते उतरवून घेतो व त्याच नावाने साइटवर चढवतो. चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्र न दिसणाऱ्याला त्याऐवजी वाचून दाखवायचे शब्द, दिलेला नसतो, आणि चित्रावर मागणीच्या पानाची लिंक असते. अशा लिंकवर पोहोचल्यावर वाचण्यासारखे दुसरे काहीच नसल्याने अनेक स्क्रीन रीडर फाइलचे नाव वाचतात. ग्राहकाला चकलीचा दर ऐकू येण्याऐवजी 'आयएमजी २०२४१०१८ डब्ल्यूए ००१२' असे काहीतरी ऐकू येते.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे मीडिया लायब्ररीत, म्हणजे वर्डप्रेसमधील चढवलेल्या चित्रांच्या संग्रहात, जाऊन त्या चित्राला पर्यायी मजकूर लिहिणे. तो लिहूनही पानावर फरक पडत नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. त्याचे कारण असे की वर्डप्रेसच्या ब्लॉक संपादकात चित्र पानावर ठेवले जाते त्या क्षणी त्याचा पर्यायी मजकूर पानाच्या मजकुरात नकलून घेतला जातो. नंतर लायब्ररीत केलेला बदल आधीच ठेवलेल्या चित्रापर्यंत पोहोचत नाही. म्हणून एकतर पान उघडून त्या चित्राच्या ब्लॉकमध्येच मजकूर लिहावा, किंवा चित्र चढवताना, पानावर ठेवण्यापूर्वी लिहावा. सरकत्या बॅनरमध्ये चित्र पार्श्वभूमी म्हणून लावलेले असेल तर पर्यायी मजकुराला जागाच नसते, आणि तिथे कितीही लिहिले तरी उपयोग होत नाही.

याहून घातक प्रकार तपासणी साधनांच्याही नजरेतून सुटतो. जुने चित्र काढून त्याच जागी नवे बसवून देणारी प्लगिन्स असतात. त्यांनी फाइल बदलते, पर्यायी मजकूर मागच्या वर्षीचा तसाच राहतो. डोळस ग्राहकाला यंदाचे दर दिसतात, अंध ग्राहकाला गेल्या दिवाळीचे ऐकू येतात, आणि पैसे देताना रक्कम वेगळी निघते. लाइटहाउस किंवा वेव्ह यांसारखी आपोआप तपासणी करणारी साधने पर्यायी मजकूर आहे की नाही एवढेच पाहू शकतात, तो समोरच्या चित्राशी जुळतो की नाही हे त्यांना कळत नाही. त्यामुळे अहवाल हिरवागार येतो. माझ्या मते पर्यायी मजकूर मुळीच नसणे हे चुकीचा असण्यापेक्षा बरे, कारण पहिल्या प्रकारात ग्राहकाला काहीतरी राहिले आहे हे निदान कळते.

हा बिघाड मुळातून काढायचा तर दर चित्रात ठेवायचेच नाहीत. बॅनर शोभेसाठी खुशाल असू द्यावे, पण त्याखाली पदार्थ, वजन आणि दर अशा तीन स्तंभांचा खराखुरा तक्ता असावा, ज्याची पहिली ओळ शीर्षकाची ओळ म्हणून नोंदवलेली असेल. एनव्हीडीए वापरणारा ग्राहक कंट्रोल आणि ऑल्ट धरून बाणांच्या कळांनी अशा तक्त्यात हव्या त्या चौकटीत जातो आणि 'दर' हे शीर्षक ऐकून पुढचा आकडा ऐकतो. सगळे दरपत्रक पर्यायी मजकुरात कोंबल्याने हे साधत नाही, कारण पर्यायी मजकुरात ओळी आणि स्तंभ नसतात; वीस पदार्थांचे दर सलग ऐकून त्यातला करंजीचा तेवढा लक्षात ठेवणे कोणालाही जड जाईल. शिवाय अल्पदृष्टी असलेल्या ग्राहकाला तो मजकूर दिसतच नाही, आणि त्याला तर अक्षरे मोठी करून वाचायची असतात. चित्र मोठे केले की अक्षरांच्या कडा फुटतात. तक्त्यातली अक्षरे कितीही मोठी केली तरी स्वच्छ राहतात. तक्ता ठेवल्यावर बॅनरचा पर्यायी मजकूर 'दिवाळी फराळाची मागणी नोंदवा' इतकाच पुरतो, कारण तो ज्या लिंकवर आहे तिचे काम तेवढेच आहे. दर बदलायचे झाले की तक्त्यातले आकडे बदलतात आणि डीटीपीवाल्याची वाट पाहावी लागत नाही, हा फायदा सांगितला की मालक सहसा लगेच तयार होतो. स्कॅन करून चढवलेल्या पीडीएफ मेनूकार्डालाही हेच सारे लागू पडते.

मजकूर असूनही न वाचला जाणारा मजकूर

तक्ता करायचे ठरले की डीटीपीवाल्याकडून मजकूर मागवला जातो, आणि इथे मराठी साइटचा खास बिघाड उद्भवतो. छपाईच्या कामात आजही जुने, युनिकोडपूर्व फाँट वापरात आहेत. (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत देणारी पद्धत.) कृतिदेव या अशाच एका फाँटमध्ये टाइप केलेला 'मराठी' हा शब्द संगणकात प्रत्यक्षात ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच या पाच रोमन अक्षरांच्या रूपात साठवलेला असतो. त्याला देवनागरीचे रूप देण्याचे काम केवळ फाँट करतो. साइटवर तो फाँट चढवला तर डोळ्यांना सारे ठीक दिसते, परंतु स्क्रीन रीडर ती रोमन अक्षरेच वाचतो, पडद्यावरचा मजकूर ब्रेलमध्ये उमटवणाऱ्या ब्रेल डिस्प्लेवर तीच उमटतात, आणि गूगललाही तीच दिसत असल्याने त्या पानावर कोणी शोधूनही येत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे: पानावरील एक वाक्य नकलून फोनमधल्या एखाद्या साध्या संदेशात चिकटवावे. तिथे ते देवनागरीतच उमटले तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. रोमन अक्षरांचा काला उमटला तर परिवर्तक वापरून सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि नंतर डोळ्यांखालून घालावा, कारण रफार आणि जोडाक्षरे यांत परिवर्तक हमखास घोटाळे करतात.

मजकूर युनिकोडमध्ये असूनही मराठी आवाज तो नीट वाचत नसेल, तर पानाच्या भाषेची नोंद तपासावी. प्रत्येक पानाच्या एचटीएमएल टॅगमध्ये 'लँग' नावाचा गुणधर्म असतो. मराठी पानासाठी त्याचे मूल्य 'एमआर' हवे. तिथे 'ईएन' असले तर ग्राहकाने मराठी आवाज निवडलेला असूनही एनव्हीडीए ते पान इंग्रजीच्या नियमांनी वाचायला घेतो, आणि देवनागरी शब्दांचा चुथडा होतो. ही नोंद वर्डप्रेसच्या सर्वसाधारण सेटिंग्जमधील साइटच्या भाषेवरून ठरते. डेव्हलपर ती मराठी करून जातो. त्याबरोबर प्रशासकीय पडदेही मराठीत येतात, रोज बॅनर चढवणाऱ्याला सवयीची इंग्रजी बटणे सापडेनाशी होतात, आणि तो साइटची भाषा पुन्हा इंग्रजी करून टाकतो. त्याच्या दृष्टीने त्याने फक्त स्वतःची सोय केलेली असते, आणि त्यासाठी त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या ४.७ आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्ये प्रत्येक वापरकर्त्याला आपल्या प्रोफाइलमध्ये प्रशासकीय पडद्यांची भाषा स्वतंत्रपणे निवडता येते. त्याच्या प्रोफाइलमध्ये इंग्रजी आणि साइटसाठी मराठी अशी योजना केली की हा प्रश्न कायमचा सुटतो. क्वचित एखाद्या थीमच्या शीर्षफाइलमध्ये भाषा थेट लिहून ठेवलेली असते. तसे असेल तर सेटिंग बदलूनही काही होणार नाही आणि थीममध्येच हात घालावा लागेल.

अपडेटनंतर नाहीसा होणारा फोकस

टॅब दाबताना आपण कुठल्या बटणावर आहोत हे दाखवणारी चौकट बऱ्याच थीम्स दिसायला बरी वाटत नाही म्हणून काढून टाकतात. डेव्हलपर थीमच्या शैलीफाइलमध्ये ती परत आणतो, थीमचे पुढचे अपडेट येते, फाइल नव्याने लिहिली जाते आणि चौकट पुन्हा जाते. थीमच्या मूळ फाइलमध्ये केलेला कोणताही बदल अपडेटमध्ये टिकत नाही. तो चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमला जोडलेल्या वेगळ्या थीममध्ये, किंवा 'अतिरिक्त सीएसएस' या जागेत करावा. या दुसऱ्या जागेतला मजकूर डेटाबेसमध्ये राहतो म्हणून अपडेटमधून वाचतो, पण तो त्या विशिष्ट थीमशी बांधलेला असतो. थीमच बदलली तर तो नव्या थीममध्ये नेऊन चिकटवावा लागतो, आणि नेमके तेच विसरले जाते.

रंगांचेही असेच होते. वेब सुगम्यतेची डब्ल्यूसीएजी ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे साध्या आकाराच्या मजकुरासाठी अक्षर व पार्श्वभूमी यांत किमान ४.५ : १ इतका उठाव (कॉन्ट्रास्ट) मागतात. आपल्याकडच्या सणाच्या बॅनरवर लाडका असलेला केशरी, समजा एफएफ९९३३ या छटेचा, पांढऱ्यावर लिहिला तर हे प्रमाण २.१ च्या आसपास भरते. व्हॉट्सअ‍ॅपच्या हिरव्यावर पांढरी अक्षरे लिहिली तर जेमतेम २. केशरी सोडायची गरज नाही. त्याच केशरीवर काळी अक्षरे घातली की प्रमाण ९ च्या वर जाते.

पानाच्या कोपऱ्यात तरंगणाऱ्या व्हॉट्सअ‍ॅपच्या बटणाकडे वेगळे लक्ष द्यावे. ते बहुधा नुसते चिन्ह असते आणि स्क्रीन रीडर त्यावर फक्त 'लिंक' एवढेच म्हणतो. प्लगिनच्या सेटिंग्जमध्ये नावासाठी जागा असेल तर तिथे 'व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश पाठवा' असे लिहावे, नसेल तर प्लगिन बदलावे. पान मोठे केल्यावर ते बटण मागणीच्या बटणावर बसत नाही ना, हेही पाहावे.

मागणीचा फॉर्म

फॉर्ममधील रकान्यांची नावे काढून टाकून ती रकान्याच्या आत फिकट अक्षरांत लिहिण्याची पद्धत रूढ आहे. टाइप करायला लागताच ती अक्षरे जातात, आणि विस्मरणाचा किंवा एकाग्रतेचा त्रास असलेल्या माणसाला आपण काय भरत होतो हे पुन्हा पुसून पाहावे लागते. रकान्याच्या वर कायम दिसणारे आणि त्या रकान्याशी जोडलेले लेबल असावे. चूक झाल्यास रकाना नुसता लाल न करता 'पिनकोड सहा अंकी असावा' असे शब्दांत लिहावे.

चित्रातली अक्षरे ओळखायला लावणारा कॅप्चा अंध ग्राहकाला दारातच थांबवतो. त्याऐवजी बॉटला, म्हणजे आपोआप फॉर्म भरणाऱ्या प्रोग्रामला, फसवणारा छुपा रकाना ठेवणे हा चांगला उपाय आहे, मात्र त्यात एक खोच आहे. हा रकाना पडद्याबाहेर ढकलून लपवला असेल तर तो डोळ्यांना दिसत नाही, परंतु स्क्रीन रीडर तो वाचतो. ग्राहक प्रामाणिकपणे तो भरतो आणि त्याची मागणी बॉटची म्हणून फेकली जाते. 'आमचा फॉर्म जातच नाही' ही फक्त अंध ग्राहकांकडूनच येणारी तक्रार दिसली की सर्वप्रथम हेच तपासावे. तो रकाना स्क्रीन रीडरपासूनही पूर्णपणे लपवलेला असावा आणि टॅबने त्यावर जाता येऊ नये.

'मागणीसाठी फोन करा' एवढेच लिहिलेली साइट कर्णबधिर ग्राहकाच्या काहीच उपयोगाची नसते. संदेश पाठवण्याचा एक तरी मार्ग द्यावा, आणि पदार्थांच्या चित्रफितीत कोणी बोलत असेल तर उपशीर्षके घालावीत.

एका ओळीत सुगम करून देणारी साधने

वारंवार दुरुस्ती करून कंटाळलेल्या दुकानदाराला कोणीतरी सांगते की कोडची एक ओळ टाका, कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचे चिन्ह येईल आणि साइट आपोआप सुगम होईल. ओल आलेल्या भिंतीवर डिस्टेंपर मारण्यापलीकडे त्यातून फारसे काही निघत नाही. चित्रातले दर, कृतिदेवमधला मजकूर, तुटलेला फॉर्म हे सारे खाली तसेच राहते, आणि ग्राहकाच्या स्वतःच्या स्क्रीन रीडरशी त्या साधनाची कित्येकदा टक्कर होते. असे साधन कोणतीही साइट मार्गदर्शक तत्त्वांनुसार करून देते, असा दावा करणाऱ्या एका कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये दिशाभूल केल्याबद्दल १० लाख डॉलर भरायला लावले.

कायद्याचा प्रश्न ओघाने येतोच. १९ एप्रिल २०१७ पासून लागू असलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ४६ सरकारीच नव्हे तर खासगी सेवा पुरवठादारांनाही सुगम्यतेचे नियम पाळायला सांगते, आणि संगणकीय सेवांसाठी आयएस १७८०२ हे भारतीय मानक आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ई-केवायसीच्या (ऑनलाइन ओळख पडताळणीच्या) प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील हक्काचा भाग मानला. मात्र दुकानदाराला मी कायदा नंतर सांगतो. २०११ च्या जनगणनेनुसार एकट्या महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग व्यक्ती होत्या, आणि कुरिअरने फराळ मागवण्याची गरज, बाजारातल्या गर्दीत जाणे ज्यांना अवघड आहे त्यांना इतरांपेक्षा जास्त असते, एवढे सांगितलेले सहसा पुरते.

पुन्हा तक्रार आली तर

डीटीपीवाल्याशी बोलून प्रत्येक बॅनरसोबत युनिकोडमधला मजकूर वेगळा पाठवण्याचे ठरवून घ्यावे, आणि बॅनर चढवणाऱ्याला फक्त इतकेच सांगावे की चित्र बदलले की त्याखालचा तक्ता आणि त्याचा पर्यायी मजकूर दोन्ही उघडून पाहायचे. याउपर तक्रार आलीच, तर ग्राहकाला 'आमच्याकडे तर नीट दिसते' असे उत्तर देऊ नये. फोन आहे की संगणक, कोणता स्क्रीन रीडर, कोणता ब्राउझर, आणि अडण्यापूर्वी शेवटचे कोणते शब्द ऐकू आले, हे विचारावे. त्या शेवटच्या शब्दांवरून पानावरची नेमकी जागा सापडते. ती दुरुस्त होईपर्यंत त्याची मागणी फोनवर किंवा संदेशावर घ्यावी, आणि साइटवरून नोंदवणाऱ्यांना सवलत दिलेली असेल तर तीच त्यालाही द्यावी.